नवा मॉनिटर आला आणि आवाज गेला

बाबांच्या कॉम्प्युटरला नवा मॉनिटर जोडून मी परत आले, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांचा फोन: "अगं, अभंग लावले, पण आवाजच येत नाही." दुपारी परत फोन. दुरुस्तीवाला येऊन साउंड कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरमधला आवाज काढणारा भाग, गेलंय म्हणून सांगून गेला होता. म्हटलं, बाबा, पैसे देऊ नका, आधी आपण बघू.

सुरुवात स्पीकरपासून करा. बाबांचे साधे छोटे स्पीकर आहेत. त्यांची यूएसबीची वायर फक्त वीज घेते, आवाज दुसऱ्या, गोल पिनेच्या वायरीतून येतो. त्यामुळे स्पीकरचा दिवा लागला एवढ्यावर जाऊ नका. ती पिन कॅबिनेटच्या मागे हिरव्या भोकात हवी. गुलाबी भोक माइकचं असतं. गुडघ्यांमुळे बाबांना खाली वाकता येत नाही, म्हणून त्यांना मोबाइल मागे धरून फोटो काढायला लावला. पिन हिरव्यातच होती. मग तीच पिन त्यांच्या जुन्या मोबाइलच्या हेडफोनच्या भोकात घालून गाणं लावलं. खणखणीत वाजलं. म्हणजे स्पीकर आणि वायर दोन्ही ठीक.

आता कॉम्प्युटर. गाणं चालू ठेवा. विंडोज ११ मध्ये घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर राइट क्लिक करून 'साउंड सेटिंग्ज' उघडा, अगदी खाली जाऊन 'मोअर साउंड सेटिंग्ज' दाबा. छोटी खिडकी उघडते, तिच्यात आवाज बाहेर काढणाऱ्या सगळ्या उपकरणांची यादी असते. ज्याच्याकडे आवाज जातोय त्याच्या शेजारी हिरव्या रेघा वरखाली नाचतात. मी हे नेहमी आधी बघते, कारण इथे अंदाज करावा लागत नाही. बाबा म्हणाले, "नाचतायत, पण मॉनिटरच्या नावापुढे."

तिथेच सगळं कळलं. नवा मॉनिटर एचडीएमआय केबलने जोडला होता, आणि त्या केबलमधून चित्रासोबत आवाजही जातो, म्हणून विंडोजने मॉनिटरलाच स्पीकर मानलं होतं. आणि या मॉनिटरला स्पीकरच नाहीत! यादीतल्या 'स्पीकर्स'वर क्लिक करून खालचं 'सेट डिफॉल्ट' दाबायला सांगितलं, आणि फोनमधून मलाही टाळ ऐकू आले. मग मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून 'डिसेबल' केलं, म्हणजे आवाज पुन्हा तिकडे वळणार नाही. तुमच्या मॉनिटरला स्पीकर असतील आणि ते वापरायचे असतील, तर हे करू नका.

रेघा 'स्पीकर्स'पुढेच नाचत असतील आणि तरी शांतता असेल, तर बहुधा पिन चुकीच्या भोकात आहे किंवा नीट बसलेली नाही. रेघा कुठेच नसतील, तर ब्राउझरचा टॅब म्यूट आहे का बघा.

यादीत 'स्पीकर्स' नावच नसेल, तर स्टार्टवर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये जा, साउंडच्या गटातलं ऑडिओ उपकरण अनइन्स्टॉल करा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा; बहुतेक वेळा विंडोज ड्रायव्हर (ते उपकरण चालवणारा प्रोग्राम) स्वतःच परत बसवतं. तरीही नाव आलं नाही, तर बोटाएवढं यूएसबी साउंड कार्ड मिळतं ते आणा. त्यासाठी कॅबिनेट उघडावा लागत नाही.