टायरची झीज कशी वाचावी

टायर बदलण्याआधी जुन्या टायरची झीज नीट पाहावी, कारण दोष बहुधा दुसरीकडेच असतो. टायरचा रस्त्याला टेकणारा पट्टा मधोमध झिजला असेल तर हवा जास्त आणि दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी, हे ओळखणे सोपे आहे. फक्त आतली किंवा बाहेरची कड झिजत असल्यास मात्र अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, तपासावे. आतली कड सहज दिसत नाही, म्हणून स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढची चाके पाहावीत. तळहात पट्ट्यावर आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने धारदार लागले, तर चाकांचा टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बिघडलेला असतो. ठिकठिकाणी खळगे पडले असल्यास शॉक ॲब्सॉर्बर (धक्के शोषणारा भाग) किंवा बॅलन्सिंगकडे, म्हणजे चाकाच्या वजनाच्या समतोलाकडे, संशयाने पाहावे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि तापलेल्या टायरमधील दाब वाढलेला दिसतो. त्यामुळे हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरील आकड्यानुसार तपासावी. दुपारी पंपावर ‘हवा जास्त आहे’ म्हणून ती काढून टाकणे ही इथली नेहमीची चूक आहे. पट्ट्यावरील खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली असेल, तर कारण काहीही असो, टायर बदलावाच लागतो.