एअर रायफलसाठी पेलेट निवडताना या चुका टाळा

स्वप्नील कुसाळेने 2024 मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि पुण्यातल्या शूटिंगच्या वर्गांत नवी मुलं यायला लागली. याचा मला मनापासून आनंद आहे. त्याचा प्रकार 50 मीटरचा, पॉइंट टू-टूच्या काडतुसांचा. आपली मुलं सुरुवात करतात ती 10 मीटरवर, एअर रायफलने, 4.5 मिलिमीटरच्या शिशाच्या पेलेटने, म्हणजे छोट्या छऱ्याने. आणि रायफल हातात येऊन महिना होत नाही तोच आईबाबा विचारतात, "ताई, सगळ्यांत चांगलं पेलेट कोणतं?"

प्रश्नच चुकीचा आहे. सगळ्यांत चांगलं असं पेलेट नसतं. तुमच्या बॅरलला मानवणारं पेलेट असतं, आणि ते कुठलं हे त्या बॅरलमधून झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही. इतकी वर्षं मी तेच तेच सांगत आले आहे, म्हणून आता एकदा सगळं लिहूनच काढते.

सिनियरचं बघून डब्या घेणं

शेजारच्या लेनवरचा दादा अमुक कंपनीचं पेलेट वापरतो आणि राज्य स्पर्धेत खेळतो, म्हणून तेच घ्यायचं. ही सगळ्यांत मोठी चूक, आणि सगळ्यांत जास्त मुलं हीच करतात. आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी या तिन्ही कंपन्यांची मॅच पेलेट्स उत्तम असतात, त्यात वाद नाही. पण दादाचं बॅरल वेगळं, तुमचं वेगळं. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलीसुद्धा एकच पेलेट सारखं मारत नाहीत.

डबीवर 4.49, 4.50, 4.51 असा आकडा असतो. हा पेलेटच्या डोक्याचा व्यास. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय फरक पडणार, असं वाटतं ना? मग हिशेब बघा. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पेलेटचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून पाव मिलिमीटरच्या आत पडला तर 10.9, आणि पुढे दर पाव मिलिमीटरला 0.1 कमी. आता समजा रायफल क्लॅम्पमध्ये घट्ट धरूनही तुमची पेलेट्स 4 मिलिमीटरच्या गोलात पसरतात. म्हणजे नेम अगदी मध्यावर असला तरी एखादा शॉट 2 मिलिमीटर लांब जाणार आणि 10.2 हातात देणार. हा पसारा, म्हणजे ग्रुप, दीड मिलिमीटरचा असेल तर सर्वांत लांबचा शॉटही 10.7. साठ शॉटमध्ये 630 गाठायचे तर सरासरी 10.5 लागते. पसरणारं पेलेट घेऊन ती सरासरी कुठून आणणार?

माझ्याकडे एक मुलगी होती. मेहनती, शांत, शॉट सुटल्या सुटल्या तो कुठे गेला हे न बघता सांगणारी. राज्य स्पर्धेच्या तोंडावर तिचे गुण अचानक घसरले. ती म्हणायची, "ताई, हा चांगला दहा होता," आणि मॉनिटरवर 9.7 दिसायचा, कधी डावीकडे, कधी खाली. तिने गालाचा टेकू हलवला. खांद्याला टेकणारी बटप्लेट खाली घेतली. मग डायऑप्टर, म्हणजे नेम धरायची मागची साइट, बदलून पाहिला. यूट्यूबवर बघून श्वासाची पद्धत बदलली. घरच्यांना वाटलं अभ्यासाचा ताण आहे. सगळ्यांत वाईट म्हणजे तिचा स्वतःच्या कॉलवरचा, म्हणजे शॉट कुठे गेला या अंदाजावरचा, विश्वास उडायला लागला, आणि तो एकदा गेला की शूटरजवळ काही उरत नाही.

चौकशी केली तेव्हा कळलं, वडिलांनी नव्या डब्या आणल्या होत्या. कंपनी तीच, नाव तेच, 4.50 हा आकडाही तोच. फक्त लॉट, म्हणजे कारखान्यातली खेप, वेगळा. जुन्या डबीच्या तळाला थोडी पेलेट्स उरली होती. रायफल क्लॅम्पमध्ये लावली आणि दोन्ही लॉट झाडले. जुन्याचं भोक एका पेलेटपेक्षा जरासं मोठं. नव्याचा ग्रुप पाच मिलिमीटरच्या आसपास. मुलीचं काहीही चुकत नव्हतं. आणि तो लॉटही वाईट नव्हता! त्याच डब्या वर्गातल्या एका मुलाच्या दुसऱ्या कंपनीच्या रायफलीतून झाडल्या तर सुरेख ग्रुप आला. दोघांनी डब्यांची अदलाबदल केली, दोघांचं काम झालं. गुण लवकर परत आले. विश्वास परत यायला मात्र बराच वेळ लागला, आणि तो वेळ फुकट गेला याची मला आजही हळहळ वाटते.

म्हणून लॉट नंबर बघा. तो डबीच्या लेबलवर किंवा तळाशी असतो. चार-पाच प्रकारांची एकेक डबी आणा, क्लॅम्पवर तपासा, जी जमली त्याच लॉटच्या वर्षभर पुरतील इतक्या डब्या एकदम घ्या. एक डबी म्हणजे 500 पेलेट्स. नियमित सराव करणारं मूल ती किती भराभर संपवतं हे पालकांना लवकरच कळतं.

उभं राहून पेलेट तपासणं

नवशिका स्वतः उभ्या पोझिशनमध्ये दहा शॉट मारतो आणि निकाल देतो, "हे पेलेट बेकार आहे." त्यात पेलेट किती आणि तुमचे पाय किती, हे कसं ओळखणार? क्लॅम्पच हवा. बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर येणाऱ्या अनुभवी मंडळींना किंवा तुमच्या प्रशिक्षकांना विचारा, कुणाकडे तरी असतोच.

माझी सवय अशी आहे. नवा प्रकार घेतला की आधी पंधरा-वीस पेलेट्स मोजणीत न धरता झाडायची, कारण बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर असतो आणि नव्याला जम बसायला वेळ लागतो. मग दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप, प्रत्येकाला नवा कागद. मागे पेन्सिलने लॉट, तारीख आणि रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब. पाच शॉटच्या ग्रुपवर मी विश्वास ठेवत नाही, पाच शॉट कुणालाही फसवतात. व्हर्नियरने भोकाच्या बाहेरच्या कडा मोजायच्या आणि 4.5 वजा करायचे, म्हणजे मध्य ते मध्य अंतर मिळतं. तीन ग्रुपमधला सर्वांत वाईट कोणता, त्यावर मी निवड करते. सर्वांत चांगला फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला बरा असतो, स्पर्धेत कामाला येत नाही.

हे सगळं करायला एक सकाळ जाते. तेवढा धीर नसलेली मुलं पुढे महिनेच्या महिने स्वतःची पोझिशन बिघडवत बसतात. ते मला बघवत नाही.

डबी डिकीत टाकणं

पेलेटच्या मागचा पोकळ घेर, ज्याला आपण स्कर्ट म्हणतो, तो कागदासारखा पातळ असतो. ट्रिगर दाबला की हवेच्या दाबाने तो फुलतो, बॅरलच्या खाचांना चिकटतो आणि हवा अडवतो. त्याला एका बाजूने चेप बसली तर हवा त्या बाजूने निसटते आणि पेलेट तिरकं बाहेर पडतं. शिसं इतकं मऊ की चेप बसायला काहीच लागत नाही.

आणि आपल्याकडे काय होतं? कोथरूडहून बालेवाडीला निघताना डबी स्कूटरच्या डिकीत जाते. अर्धी रिकामी असली की प्रत्येक स्पीडब्रेकरला आतली पेलेट्स एकमेकांवर आपटतात. ऊन वेगळं, पावसाळ्यात ओल वेगळी. जुलैत ओली डबी तशीच ठेवली की पेलेटवर पांढुरकी पूड धरते. अशी पेलेट्स पुसून वापरू नका, बाजूला काढा.

डबीतला फोम फेकू नका. अर्धी डबी असेल तर वरून आणखी फोम घाला, आत खुळखुळ होता कामा नये. डबी घट्ट बंद डब्यात, सिलिका जेलची पुडी टाकून, पाठीवरच्या बॅगेत न्या. रेंजवर मूठभर पेलेट्स खिशात घालू नका, ट्रेमध्ये ओता आणि उचलताना मागचा घेर बघा. डबी जमिनीवर पडली तर ती सरावाची झाली, स्पर्धेची राहिली नाही.

बाकीच्या, थोडक्यात

टोकदार पेलेट 10 मीटरवर आणू नका. सपाट तोंडाचं पेलेट कागदावर स्वच्छ गोल भोक पाडतं, म्हणूनच ते वापरतात.

"हलकं पेलेट म्हणजे वेग जास्त म्हणजे चांगलं" हे खरं नाही. रायफलला साधारण 0.53 ग्रॅमचं पेलेट बहुतेकांना जमतं, 0.45 ते 0.49 ग्रॅमची पिस्तुलासाठी असतात. तरी शेवटचा शब्द क्लॅम्पचा.

दोन लॉट एका ट्रेमध्ये मिसळू नका.

पेलेटला घरचं तेल चोळू नका. स्प्रिंगच्या रायफलीत ते पेट घेतं आणि वेग दर शॉटला बदलतो.

स्पर्धेच्या आठवड्यात पेलेट बदलू नका, कुणीही सांगितलं तरी.

एअरगन घेऊन पाखरांवर नेम धरणाऱ्याला मी वर्गात ठेवत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी ठेवलं नसतं.

पेलेट दातात धरू नका. सराव संपला की साबणाने हात धुवा, मगच वडापाव. शिसं पोटात जाणं लहान मुलांना फार घातक असतं, आणि रेंजवर मी याच एका गोष्टीसाठी आवाज चढवते.

शॉट अचानक फिरायला लागले तर

आधी सिलिंडरचा दाब बघा. मग बॅरलचे आणि साइटचे स्क्रू. मग ट्रेमधली पेलेट्स उजेडात धरून त्यांचे घेर बघा, मग डबीवरचा लॉट. हे सगळं ठीक असेल तरच पोझिशनला हात लावा, तोही प्रशिक्षकांसमोर. आणि नव्या लॉटचा क्लॅम्पवरचा कागद हातात येईपर्यंत जुन्या लॉटची शेवटची डबी फोडू नका.