खटल्यात राहून गेलेला मुद्दा जन्मठेपेनंतर कसा मांडावा

आधी निकालपत्र हातात घ्या. आरोपीला त्याची नक्कल मोफत मिळते. शक्य असेल तर त्याच्या भाषेतला अनुवादही मागता येतो, तेव्हा कानडी समजत नसेल तर तसा लेखी अर्ज करा. बेळगावच्या सत्र न्यायालयाच्या निकालावर अपील कर्नाटक उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात, ६० दिवसांत. कैदी हिंडलग्याच्या तुरुंगात असेल तर अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण देतं. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.

मूलभूत हक्क सोडून देता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५८ सालीच सांगितलंय. पण त्यावर विसंबून गाफील राहू नका. दोषारोपातली चूक किंवा खटला भरायच्या सरकारी मंजुरीतली त्रुटी खटल्यातच दाखवता आली असती, तर ‘तेव्हा गप्प का?’ हा प्रश्न येतोच, आणि बहुतेकदा मुद्दा तिथेच बुडतो.

वयाचं तसं नाही. गुन्ह्याच्या दिवशी १८ पूर्ण नव्हती, हा मुद्दा अंतिम निकालानंतरही चालतो (बाल न्याय कायदा २०१५, कलम ९). आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर पालिका-पंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. अडतं ते नावात: मराठी शाळेत ‘मारुती परशराम’, कानडी आरोपपत्रात नुसतं आडनाव. दोन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा, आणि दाखल्यावर न थांबता शाळेच्या प्रवेश रजिस्टरच्या त्या पानाची साक्षांकित प्रत घ्या.