फोटो धूसर दिसतोय? फोकसची रिंग सोडा, आधी मेनू उघडा

ऑक्टोबर छाटणी उरकल्यानंतरची बैठक. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावच्या समाजमंदिरात द्राक्षबागायतदार जमले होते आणि स्लाइड दाखवायचं काम माझ्याकडे होतं. पडद्यावर रोगट पानाचा फोटो आला, तसे पुढच्या सतरंजीवरचे आजोबा म्हणाले, "सर, ही डाऊनी म्हणायची का भुरी?"

प्रश्न रास्त होता. डाऊनीत पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळे डाग आणि पालथ्या बाजूला पांढरी बुरशी. भुरीत पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसते. पडद्यावर मात्र हिरव्या-पिवळ्याचा नुसता काला झाला होता. मी दहा मिनिटं प्रोजेक्टरची फोकसची रिंग फिरवत बसलो. रिंगचा काडीमात्र दोष नव्हता. फोटो फाइलमध्येच बिघडला होता, आणि तो मीच बिघडवला होता.

नाशिक आणि आसपासच्या शाळांमधून, सोसायट्यांमधून मी जुने कॉम्प्युटर बघतो. सगळीकडे हीच चूक दिसते: धूसरपणा कुठून आलाय हे न बघता हाताला लागेल ते फिरवायचं. हे तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रोजेक्टरच्या रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. मेनूतली अक्षरंच पुसट असतील, तर दोष फोकसचा किंवा लेन्सवरच्या धुळीचा. मेनू स्वच्छ आहे पण डेस्कटॉपवरच्या आयकॉनखालची नावं पुसट आहेत, तर रेझोल्यूशन (पडद्याचं पिक्सेलमधलं माप) किंवा केबल बघा. मेनू स्वच्छ, डेस्कटॉप स्वच्छ, फक्त फोटोच धूसर? मग प्रोजेक्टरला हात लावू नका, दोष फाइलमध्ये आहे.

फोटो लहान करून सेव्ह केला, मग ताणला

माझी चूक हीच. एका स्लाइडवर पानांचे चार फोटो प्रत्येकी दोन इंच रुंदीचे लावले, फाइल सेव्ह केली आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी वाटलं, यातला एक पूर्ण स्लाइडभर दाखवू. कोपरा धरून ओढला.

पॉवरपॉइंट फाइल सेव्ह करताना फोटो गुपचूप दाबून बसवतो. जुन्या आवृत्त्यांच्या मूळ सेटिंगमध्ये हे प्रमाण इंचाला २२० पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, असतं. म्हणजे दोन इंचांच्या फोटोत उरले ४४० पिक्सेल. प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८ चा. ४४० पिक्सेल १०२४ च्या जागेत पसरले, की डागाची कड कशी दिसणार? फॉरमॅटमधला 'शार्पन'चा पट्टा उजवीकडे सरकवून गेलेले पिक्सेल परत येत नाहीत. फक्त कडांना पांढरी किनार येते आणि पान आजारी दिसायचं सोडून प्लॅस्टिकचं दिसायला लागतं.

फोटो खरंच दाबला गेलाय का, हे बघायची एक युक्ती आहे. फाइलची एक प्रत काढा, तिच्या नावाच्या शेवटचं 'पीपीटीएक्स' खोडून तिथे 'झिप' लिहा आणि उघडा. नावाचा हा शेवटचा भाग दिसत नसेल, तर आधी विंडोजमध्ये फाइल एक्स्टेन्शन दाखवण्याची सोय चालू करा. आत 'पीपीटी' नावाच्या फोल्डरात 'मीडिया' असतो आणि त्यात सगळे फोटो सुटे पडलेले दिसतात. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. तिथे चारशे-साडेचारशे पिक्सेल दिसले, की रोगाचं निदान झालं. (२००३ पर्यंतच्या जुन्या 'पीपीटी' फाइलला ही युक्ती चालत नाही.)

इलाज असा. फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड. तिथे 'इमेज साइज अँड क्वालिटी'खाली 'डू नॉट कॉम्प्रेस इमेजेस इन फाइल'वर खूण करा. ही सोय पॉवरपॉइंट २०१० पासून आहे. २००७ मध्ये फोटो निवडून फॉरमॅटमधल्या 'कॉम्प्रेस पिक्चर्स'च्या ऑप्शन्समध्ये जायचं आणि सेव्ह करताना आपोआप दाबण्याची खूण काढायची. आधी बिघडलेला फोटो यानं सुधारत नाही. त्यावर राइट क्लिक करून 'चेंज पिक्चर'नं मूळ फोटो पुन्हा घालावा लागतो. जागा आणि अ‍ॅनिमेशन तसंच राहतं, म्हणून खोडून नव्यानं लावण्यापेक्षा हे सोपं.

फोटो आला कुठून?

शेतातून भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो वाटेतच लहान झालेला असतो. अख्खं पान दाखवायचं असेल तर तो चालून जातो. डागापुरता भाग कापून मोठा करायला गेलात, की उघडा पडतो. पाठवणाऱ्याला सांगा: फोटो म्हणून नको, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव. नाहीतर केबल लावून मोबाइलमधून थेट घ्या.

गूगलच्या शोधयादीत दिसणारा छोटा फोटो तिथल्या तिथे कॉपी करणं हीसुद्धा त्यातलीच गत. तो नमुन्याचा फोटो असतो, मूळ नव्हे. आणि कुणी "तीनशे डीपीआय (इंचामागे ठिपके) करून आणा" म्हणालं, तर हो म्हणा आणि सोडून द्या. पडद्यावर पिक्सेल मोजले जातात, डीपीआयचा आकडा बदलून एकही पिक्सेल वाढत नाही.

उलटी चूक: सगळे फोटो अख्खेच

कॉम्प्रेशन बंद केलं, की लोक मोबाइलचे ४००० बाय ३००० चे फोटो जसेच्या तसे घालतात. असा फोटो डिस्कवर चार-पाच एमबीचा दिसतो, पण उघडल्यावर मेमरीत साधारण ४८ एमबी जागा खातो. दोन जीबी रॅमच्या मशीनवर असे वीस फोटो घातले, की स्लाइड अडकतात, आणि मग वैतागून कुणीतरी गती वाढवायला 'स्लाइड शो'मधलं रेझोल्यूशन ६४० बाय ४८० करून ठेवतं. हे मी दोन शाळांमध्ये पाहिलंय. २००७ आणि २०१० मध्ये ही यादी 'स्लाइड शो' टॅबवरच असते. तिथे 'यूज करंट रेझोल्यूशन' निवडा.

मधला मार्ग पेंटमध्ये आहे. विंडोज ७ पासूनच्या पेंटमध्ये कंट्रोल आणि डब्ल्यू दाबलं की मापाची खिडकी येते. पिक्सेल निवडून रुंदी १४०० च्या आसपास करा आणि वेगळ्या नावानं सेव्ह करा. मूळ फोटोवर सेव्ह केलंत, तर पुढच्या वेळी कापायला काही उरणार नाही.

मराठी मजकुराचा फोटो

दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर फॉन्ट फुटतो, या धास्तीनं आपल्याकडे मजकुराचं जेपीजी करून स्लाइडवर चिकटवायची पद्धत पडली आहे. जुन्या फॉन्टच्या काळात ते समजण्यासारखं होतं. पण जेपीजी चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडून दाबतं, आणि त्यात सगळ्यात आधी बळी जातो तो अनुस्वाराचा. लासलगावच्या बाजारभावाच्या तक्त्यात मी 'कांदा'चा 'कादा' झालेला वाचलाय. मजकूर युनिकोडमध्ये, 'मंगल'सारख्या फॉन्टमध्ये टाइप करा. तो विंडोज ७ वर असतो. तक्त्याचा स्क्रीनशॉट लावणं भागच असेल, तर जेपीजी नको, पीएनजी घ्या.

डेस्कटॉपच पुसट असेल तर

विंडोज नव्यानं टाकल्यावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकायचा राहून गेलेला असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्प्लेखाली 'स्टँडर्ड व्हीजीए' किंवा 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले' दिसलं, तर तेच कारण. ड्रायव्हर टाकेपर्यंत योग्य रेझोल्यूशन यादीत बहुधा येतच नाही.

लॅपटॉप १३६६ बाय ७६८, प्रोजेक्टर १०२४ बाय ७६८, आणि जोडणी 'डुप्लिकेट'वर, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र. मग दोघांपैकी एकाला दुसऱ्याच्या मापात कोंबून घ्यावं लागतं. विंडोजचं बटण आणि पी दाबून 'एक्स्टेंड' किंवा 'फक्त प्रोजेक्टर' निवडा आणि प्रोजेक्टरचं मूळ माप द्या. प्रोजेक्टर तिरका ठेवून 'कीस्टोन'नं चित्र चौकोनी करू नका, त्यातही पिक्सेल घासले जातात. खाली दोन वह्या ठेवून तो सरळ करा.

व्हीजीए केबल लांब आणि बारीक असेल तर अक्षरांच्या बाजूला फिकट सावली पडते. आधी दोन्ही टोकांचे स्क्रू आवळा, मग प्रोजेक्टरवरचं 'ऑटो' बटण एकदा दाबा. तरी सावली राहिली तर आखूड, जाड केबल लावून बघा. मी आता पिशवीत माझी स्वतःची पाच फुटी केबल ठेवतो आणि प्रोजेक्टर लॅपटॉपजवळ ओढून घेतो.