टोल्युइन काढताना ठिणगी पडते कुठून आणि ती रोखायची कशी

"आपल्याकडे हवा एवढी दमट, इथे कसली स्टॅटिक (घर्षणाने साठणारी स्थिर वीज)?" नवी मुंबईतल्या रबाळे, महापे, तुर्भ्याच्या कारखान्यांच्या गाळ्यांमध्ये हे वाक्य सर्रास ऐकू येतं आणि ते घातक आहे. दमट हवेने कपड्यावरचा किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावरचा चार्ज लवकर उतरतो, हे खरं. पण टोल्युइन, म्हणजे चटकन पेटणारं एक सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव), पाइपमधून वाहताना तयार होणारा चार्ज द्रवाच्या पोटात असतो. तिथे पावसाळ्याचा काही उपयोग नाही. टोल्युइन, झायलीन, हेक्झेन, हेप्टेन हे विजेचे अतिशय मंद वाहक, त्यामुळे त्यांच्यातला चार्ज निचरायला वेळ लागतो. मिथेनॉल आणि आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) त्या मानाने बरे, पण भांडं अर्थ केलेलं, म्हणजे तारेने जमिनीशी जोडलेलं असेल तरच.

टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, 4 अंश सेल्सिअस. हवेत त्याची वाफ साधारण 1.1 ते 7.1 टक्के असेल तर ती पेटते. 30 अंशाला बंद ड्रममधल्या मोकळ्या जागेत वाफ पाचेक टक्के भरते. म्हणजे आपल्याकडच्या रोजच्या तापमानाला ड्रमच्या आतलं मिश्रण नेमकं पेटण्याजोगं असतं. हेक्झेनच्या ड्रमात वाफ इतकी दाट होते की आत सहसा पेट घेत नाही, धोका तोंडापाशी असतो. टोल्युइन आतच पेटतं आणि ड्रम फुटतो. त्याला लागणारी ठिणगी सुमारे 0.24 मिलिज्यूलची. माणसाच्या अंगावरून सुटलेली एवढी ठिणगी त्याला जाणवतही नाही. त्यामुळे "झटका बसला नाही, म्हणजे सगळं ठीक" हा हिशोब इथे चालत नाही.

कामाचा क्रम असा ठेवा. ड्रम उघडण्याआधी अर्थिंगचा क्लॅम्प लावायचा, आणि काम संपल्यावर बूच बसवून मगच काढायचा. उघड्या तोंडाजवळ क्लॅम्प लावणं किंवा काढणं म्हणजे ठिणगीला आपणच बोलावणं. देणारा ड्रम, घेणारं भांडं आणि पंप, तिन्ही एकमेकांना वायरने जोडलेले आणि शेवटी अर्थ पिटला (जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याला) जोडलेले हवेत.

क्लॅम्प जवळून बघा. ड्रमच्या कडेवर रंगाचा जाड थर असतो. साध्या मगरीच्या तोंडाच्या क्लिपचे दात त्या रंगावरच बसतात, धातूला टेकत नाहीत. बाहेरून सगळं व्यवस्थित दिसतं, पण अर्थिंग झालेलंच नसतं. म्हणून टोकदार स्क्रूचा, जोरदार स्प्रिंगचा क्लॅम्प घ्या, लावल्यावर थोडा फिरवा म्हणजे टोक रंग खरवडून पत्र्यात रुततं. मग मल्टिमीटरने ड्रम आणि अर्थ पट्टीमधला रोध मोजा. तो 10 ओहमच्या आत आला पाहिजे. साधा मल्टिमीटर फ्लेमप्रूफ नसतो, त्याच्या ठिणगीने वाफ पेटू शकते, म्हणून ही तपासणी ड्रम बंद असताना आणि आसपास वाफ नसतानाच करायची. आत तारेची वेटोळी असलेला होज असेल तर त्याच्या दोन्ही टोकांमध्ये सलगता, म्हणजे तार अखंड आहे का, तपासा. वाकवून वाकवून आतली तार तुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

भरण्याचा वेग सेकंदाला 1 मीटरच्या आत ठेवा. एक इंची पाइपमध्ये हे मिनिटाला साधारण 30 लिटर होतं, म्हणजे 200 लिटरचा ड्रम भरायला सात मिनिटं. घाई असेल तर हीच सात मिनिटं सगळ्यात आधी कापली जातात. डिप पाइप (भांड्यात खालपर्यंत उतरणारा भरण्याचा पाइप) तळापासून 15 सेंटिमीटरच्या आत पोचला पाहिजे. वरून धार पडली की द्रव उडतो आणि चार्ज वाढतो. वाटेत बारीक फिल्टर असेल तर चार्ज आणखी वाढतो, म्हणून फिल्टरनंतर द्रवाला भांड्यात पोचायला निदान 30 सेकंद मिळतील इतकी लांब लाइन ठेवा किंवा वेग आणखी कमी करा.

प्लास्टिकच्या बादलीत टोल्युइन घेऊ नका. यात सूट नको. प्लास्टिक अर्थ करता येत नाही. वर बादलीची मूठ लोखंडी तारेची असते. आतला चार्ज त्या तारेवर दबा धरून बसतो आणि हात लागताच बोटावर सुटतो. प्लास्टिकच्या कॅनमध्ये ठेवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्याचंही हेच होतं. अर्थ केलेली स्टीलची भांडी वापरा. कामगाराच्या पायात अँटिस्टॅटिक बूट आणि अंगात सुती कपडे हवेत. जमीन स्वच्छ राहावी म्हणून प्लास्टिक अंथरलं की बुटांचा उपयोग संपला.

रिअ‍ॅक्टरमध्ये (रासायनिक प्रक्रियेच्या बंद टाकीत) सॉल्व्हंट असताना मॅनहोलमधून (वरच्या झाकणाच्या तोंडातून) पावडरची गोणी ओतणं, हे या सगळ्यात मला सर्वात धोक्याचं वाटतं. गोणीच्या आतली प्लास्टिक पिशवी रिकामी होताना चार्ज होते आणि समोर पेटण्याजोगी वाफ असते. शक्य असेल तिथे पावडर आधी टाका आणि सॉल्व्हंट नंतर, बंद लाइनने. ते जमत नसेल तर नायट्रोजन देऊन आतला ऑक्सिजन 8 टक्क्यांखाली आणा आणि पावडर हॉपर-व्हॉल्व्हमधून (खाली झडप असलेल्या नरसाळ्यासारख्या भांड्यातून) सोडा. मॅनहोल उघडाच राहिला तर हवा आत शिरते आणि नायट्रोजन देऊनही फायदा होत नाही. आणि नायट्रोजन माणसाला न कळत बेशुद्ध करतो. मॅनहोलमध्ये डोकं घालून बघायचं नाही, जवळ ऑक्सिजन मीटर ठेवायचा. पेटण्याजोगी वाफ दाबायला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर ड्रममध्ये सोडू नका, त्या फवाऱ्यानेच स्टॅटिक तयार होते.

सांडलेलं लगेच पुसा. एक लिटर टोल्युइन पूर्ण उडालं तर 20 घनमीटर हवा पेटण्याजोगी होऊ शकते, म्हणजे आठ बाय नऊ फुटांची, दहा फूट उंच खोली. वाफ हवेपेक्षा तिप्पट जड, म्हणून ती गटारात आणि खड्ड्यात साचते. एक्झॉस्ट खालच्या पातळीला हवा, छताला नाही.

आग लागलीच तर आधी पंप बंद करा. पाण्याचा जेट मारू नका, टोल्युइन पाण्यावर तरंगतं आणि आग पसरते. छोट्या आगीला ड्राय केमिकल पावडर, पसरलेल्याला फोम. ड्रम तापायला लागला तर माणसं हलवा आणि 101 ला कळवा.

अर्थ पिटचं माप एप्रिल-मेमध्ये घ्या. तेव्हा जमीन कोरडी असते आणि रोध सगळ्यात जास्त येतो. जुलैत घेतलेलं रीडिंग नेहमीच चांगलं दिसतं, आणि त्यावर विसंबून पुढचा उन्हाळा काढायचा नसतो.