बोटुकली वाढत नाही? खाद्याच्या वेळापत्रकातल्या या चुका टाळा

शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ या माशांची बोटुकली (बोटभर लांबीची पिल्लं, म्हणजेच मत्स्यबीज) सोडली, पेंड-कोंडा रोज पडतोय, तरी महिन्याने जाळं ओढलं तर मासे जेमतेम वाढलेले. अशा वेळी बीजाला दोष देण्याआधी खाद्य कधी आणि किती वेळा पडतं, ते तपासा.

बहुतेक ठिकाणी दिवसाचं सगळं खाद्य सकाळी एकदाच टाकलं जातं. नुकसान इथेच होतं. या माशांना जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं, साठवायला जागाच नाही. त्यामुळे पिल्लं पोटात मावेल तेवढंच खातात, उरलेलं तळाशी कुजतं. कुजताना ते पाण्यातला ऑक्सिजन ओढतं आणि अमोनिया सोडतं. शिवाय थोरली पिल्लं आधी पोट भरतात, बारकी मागेच राहतात, आणि एकाच दिवशी सोडलेल्या बीजात लहानमोठे मासे दिसू लागतात. यावर खाद्य वाढवू नका. आहे तेवढ्याचेच तीन-चार भाग करा आणि रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी टाका. तळ्यावर इतक्या फेऱ्या मारणं जड जातं हे खरं, पण पहिल्या दीड-दोन महिन्यांत ती पायपीट कराच.

पहाटे खाद्य टाकू नका. रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही ऑक्सिजन वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन चढू द्या, 8-9 वाजता सुरुवात करा, शेवटचा भाग सूर्यास्ताआधी संपवा. ढगाळ दिवशी खाद्य कमी करा. मासे वर येऊन तोंडं उघडत असतील तर त्या दिवशी काहीच टाकू नका. एरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) लावा किंवा ताजं पाणी सोडा.

मापही जुनं राहतं. 5 ग्रॅमची 10,000 बोटुकली म्हणजे 50 किलो मासे; माशांच्या वजनाच्या 5 टक्क्यांनी रोज अडीच किलो खाद्य. तीच 10 ग्रॅमची झाली की अडीच किलो निम्मंच पडतं. दर 15 दिवसांनी थोडे मासे पकडून वजन करा आणि हिशेब नव्याने मांडा. मेलेले मासे वजा करायला विसरू नका.

थंडीत मासे कमी खातात, तेव्हा पाणी उबदार झाल्यावर दुपारीच द्या. किती द्यायचं याचा अंदाज येत नसेल तर थोडं खाद्य ट्रेमध्ये ठेवून पाण्यात सोडा. दोन तासांनी ट्रेमध्ये शिल्लक दिसलं, तर पुढचा भाग कमी करा.