सीरम लाल आलं तर काय करायचं

ऐरोलीतल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. नवीन मुलं-मुली आली की मशीन दाखवायच्या आधी मी त्यांना सीरमकडे, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यासारख्या भागाकडे, बघायला शिकवते. सेंट्रीफ्यूजमधून (ट्यूब गरगर फिरवणाऱ्या मशीनमधून) ट्यूब काढली की वरचा थर फिकट पिवळा दिसला पाहिजे. तो लाल दिसला की आपण 'हिमोलाइज्ड' (तांबड्या पेशी फुटलेलं) म्हणतो आणि रिपीट मागवतो. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण फार क्वचित तांबड्या पेशी ट्यूबमध्ये फुटलेल्या नसतात, पेशंटच्या अंगातच फुटत असतात. अशा वेळी 'उद्या सकाळी पुन्हा पाठवा' हे सांगणं जिवावर बेतू शकतं.

याचं सगळ्यात भयंकर कारण म्हणजे क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जेन्स. हा जंतू १८९२ मध्ये वेल्च आणि नट्टल यांनी शोधला. तो मातीत असतो, आपल्या आतड्यातही असतो आणि एरवी गुपचूप राहतो. यकृतातलं गळू, पित्ताशयाचा संसर्ग, कॅन्सर, बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर गर्भाशयात झालेला संसर्ग, अशा वाटेने तो रक्तात उतरतो. मधुमेही आणि वयस्कर माणसांना धोका जास्त. त्याचं अल्फा टॉक्सिन नावाचं विष पेशीच्या आवरणातलं लेसिथिन हे स्निग्ध द्रव्य तोडतं, आवरणच गेलं की तांबडी पेशी फुटते. आणि अनुकूल जागा मिळाली की हा जंतू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. सकाळी नुसता ताप असलेला माणूस रात्री अत्यवस्थ का होतो, ते यावरून कळेल.

आता कामाचं. लाल सीरम दिसलं की आधी आपलं कलेक्शन तपासा. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली होती का? टूर्निके (दंडाला बांधायचा पट्टा) बराच वेळ आवळलेला होता का? सिरिंजमधलं रक्त सुईतूनच जोर लावून ट्यूबमध्ये ढकललं का? बॅग उन्हात स्कूटरवर राहिली का? मग त्याच वेळी काढलेली जांभळ्या झाकणाची, रक्त गोठू न देणारी ट्यूब फिरवून बघा. (सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आधी मशीनवर घ्या, स्लाइडही आधीच काढा.) तिचा प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्ताचा वरचा थर) स्वच्छ असेल तर बहुधा साध्या ट्यूबचाच घोळ आहे. दोन्ही लाल असतील तर दुसऱ्या हातातून, मोठ्या शिरेतून, जोर न लावता ताबडतोब नवीन सॅम्पल घ्या. तेही लाल आलं तर हातातलं बाकीचं काम बाजूला ठेवा.

सीबीसीचा कागद नीट वाचा. हिमोग्लोबिनला तीनने गुणलं की साधारण हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, येतो. पेशी अंगात फुटत असतील तर हे गणित मोडतं, कारण मशीन प्लाझ्मात सुटलेलं हिमोग्लोबिनही मोजतं, पण पेशी मात्र कमी झालेल्या असतात. एमसीएचसी (तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनची दाटी) ३६ च्या बरंच वर गेला की मशीन फ्लॅग देतं. तो फ्लॅग दाबून रिपोर्ट सोडू नका. पोटॅशियमचा आकडा वाढलेला आला तर 'हिमोलिसिसमुळे' (ट्यूबमध्ये पेशी फुटल्यामुळे) असं ठरवून मोकळे होऊ नका, इथे तो खराच वाढलेला असू शकतो.

रबाळ्याच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या, पन्नाशीतल्या एका मधुमेही गृहस्थांचं सॅम्पल माझ्याकडे संध्याकाळी आलं होतं. ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं. दोन्ही हातांचं सीरम गर्द लाल. हिमोग्लोबिन ९.६, हिमॅटोक्रिट १६. लीशमनचा रंग लावलेल्या स्लाइडवर पेशी लहान, गोल, मधला फिका भाग नाहीसा झालेल्या, म्हणजे स्फेरोसाइट्स. त्यांच्यामध्ये काही पेशींची नुसती रिकामी कडा उरलेली. पांढऱ्या पेशींजवळ एक-दोन ठिकाणी जाड, टोकं चौकोनी असलेल्या कांड्या, म्हणजे कांडीसारखे जंतू. जंतू ओळखायचा ग्रॅमचा रंग लावला तर जांभळ्या. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी स्लाइड बघितली आणि तिथूनच ड्यूटीवरच्या डॉक्टरांना फोन लावला. औषधं लगेच सुरू झाली, यकृतातलं गळू त्याच रात्री मोकळं केलं. तरी ते पहाटे गेले. कल्चरची (रक्तातला जंतू वाढवून बघायची) बाटली त्यानंतर पॉझिटिव्ह आली.

या आजारात हे बऱ्याचदा असंच घडतं. इतक्या जोरात पेशी फुटू लागल्यावर बहुतेक पेशंट दगावतात. पण जे वाचले, त्यांतल्या बहुतेकांना औषध आणि ऑपरेशन लवकर मिळालं होतं. म्हणून लिखित रिपोर्टची वाट न बघता फोन करा. फोनवर एवढंच बोला: "दोन वेगवेगळ्या सॅम्पलमध्ये हिमोलिसिस आहे, हिमोग्लोबिन-हिमॅटोक्रिट जुळत नाही, स्लाइडवर स्फेरोसाइट्स आहेत, अंगातच पेशी फुटत असाव्यात." कांड्या दिसल्या असतील तर तेही सांगा. फोन कोणी घेतला, किती वाजता, ते रजिस्टरमध्ये लिहा. पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिन द्यायचं की आणखी काही, ते डॉक्टर ठरवतील. क्लिंडामायसिन जंतूचं टॉक्सिन बनवणंच थांबवतं म्हणून ते जोडीला देतात.

ब्लड कल्चर अँटिबायोटिकच्या आधी घ्या, पण कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवू नका. हा जंतू ऑक्सिजनशिवाय वाढतो, तेव्हा अनएरोबिक (ऑक्सिजन नसलेली) बाटली आठवणीने मागा. खर्च वाचवायला बऱ्याच ठिकाणी एकच एरोबिक (ऑक्सिजन असलेली) बाटली भरतात, ते मला अजिबात पटत नाही. सिरिंजने रक्त घेतलं असेल तर अनएरोबिक बाटली आधी भरा, बटरफ्लायने (नळी जोडलेल्या सुईने) घेत असाल तर एरोबिक आधी, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते.

लघवीचा नमुनाही मागा. पट्टीवर रक्त पॉझिटिव्ह आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी जवळपास नाहीत, सोबत सीरम लाल, म्हणजे हिमोग्लोबिन लघवीतून जातंय.

मलेरियाची स्लाइड आणि कार्ड टेस्ट कधीच वगळू नका. आपल्याकडे पावसाळ्यात ताप, कावीळ आणि काळपट लघवी यांमागे मलेरिया किंवा लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असण्याची शक्यता कितीतरी जास्त. जीसिक्सपीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची कमतरता असलेल्या माणसाने एखादं औषध घेतलं तरी असंच चित्र दिसतं. हे सगळं एकाच वेळी तपासायचं, एकामागून एक करत बसायचं नाही.

पेशंट नुकताच परदेशातून आलाय का, तेही विचारा. पेरू, इक्वेडोर, कोलंबिया इथल्या अँडीज पर्वताच्या खोऱ्यांत वाळूमाशीतून पसरणारा बार्टोनेला बॅसिलिफॉर्मिस हा जंतू थेट तांबड्या पेशींतच शिरतो. त्याची स्लाइड वेगळी असते, जंतू पेशींवर आणि आत दिसतात. पेरूतल्या लिमामधल्या दानिएल कॅरिओन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १८८५ मध्ये या रोगाच्या चामखिळीतला द्राव स्वतःला टोचून घेतला आणि ५ ऑक्टोबरला तो गेला. अंगावरच्या चामखिळी आणि तो जीवघेणा ताप हा एकच रोग आहे, हे त्याच्या मरणातून कळलं. पेरूत ५ ऑक्टोबर हा वैद्यकीचा दिवस म्हणून पाळतात. मला या मुलाबद्दल फार आदर वाटतो.

घरच्यांसाठी थोडं. थंडी वाजून ताप, पोटात जोरात दुखणं आणि काही तासांत डोळे पिवळे होणं किंवा लघवी कोऱ्या चहासारखी होणं, धाप लागणं, असंबद्ध बोलणं, यातलं काही दिसलं तर सकाळच्या ओपीडीसाठी थांबू नका. १०८ ला फोन करा आणि आयसीयू, सर्जन आणि ब्लड बँक असलेल्या रुग्णालयात न्या. ठाणे-बेलापूर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत रिक्षाने निघू नका. मधुमेह, पित्ताचे खडे, कॅन्सरचे उपचार, अलीकडचं बाळंतपण किंवा गर्भपात असेल तर दारातच सांगा, लपवू नका. लघवीचा रंग किती वाजता बदलला ते सांगा. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला, आणि आदल्या दिवशीचा सीबीसी असेल तर तोही सोबत न्या, म्हणजे एका दिवसात हिमोग्लोबिन किती उतरलं ते डॉक्टरांना लगेच दिसेल.